अंडरटेकर जिंकला अन् मामीचं लग्न पुसलं गेलं!

जुन्या व्हिडिओ कॅसेटवरच्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कुस्त्या पुन्हा बघायला बसलो, तेव्हा वाटलं होतं, दोन घटका करमणूक होईल. पण एका कॅसेटच्या शेवटच्या बारा-तेरा मिनिटांनी पाव शतकाहून जुना हिशेब पुढ्यात आणून ठेवला…

मामीचा बडोद्याहून फोन आला तो थेट मुद्द्यावरच. ‘‘अरे, मी आता लेकीकडे पुण्याला राहायला जातेय. दांडिया बाजारातलं घर रिकामं करायचं आहे. तुझ्या त्या कुस्तीच्या कॅसेट घेऊन जा, नाही तर भंगारवाल्याला देते.’’

‘तुझ्या त्या कुस्तीच्या’ हे शब्द मामीने नेहमीच्याच सुरात उच्चारले होते. त्या सुरामागे काय दडलंय, ते मला ठाऊक होतं. फक्त मलाच ठाऊक होतं म्हणा ना!

पुठ्ठ्याच्या खोक्यात 11 कॅसेट निघाल्या. प्रत्येकीच्या पाठीवर मामाचं तिरपं अक्षर: ‘ब्रेट हार्ट’, ‘योकोझुना’, ‘रॉयल रंबल अर्धं’. अकराव्या कॅसेटवर मात्र सोनेरी शाईत गणपती छापलेला आणि खाली ‘शुभविवाह’. कडेला पिवळी पडलेली चिकटपट्टी. ती बघताच माझ्या पोटात गोळा आला.

मे महिना आणि मामाचा व्हीसीआर

नव्वदच्या दशकात जी मुलं वाढली, त्यांना हे वेड समजावून सांगावं लागत नाही. 1991 मध्ये स्टार टीव्ही आला, गल्लीबोळांतून केबलच्या तारा लोंबू लागल्या आणि त्या तारांतून हल्क होगन, ब्रेट हार्ट, अंडरटेकर थेट आपल्या बैठकीच्या खोलीत उतरले. वहीच्या कव्हरवर, च्युइंगमच्या स्टिकरवर, ट्रम्प कार्डांवर तेच. उंची, वजन, छाती, दंड… पाढे पाठ नसलेल्या पोरांना हे आकडे तोंडपाठ असत. अंडरटेकरला सात जन्म आहेत, यावर आमच्या वर्गात कुणाचंच दुमत नव्हतं. 1996 च्या ‘खिलाडियों का खिलाडी’मध्ये अक्षयकुमारने खुद्द अंडरटेकरला उचलून आपटल्याचं बघून आम्ही चाट पडलो होतो. तो अंडरटेकर खरा नव्हता, ब्रायन ली नावाचा मल्ल होता, हे फार उशिरा कळलं. गंमत म्हणजे याच ब्रायन लीने 1994 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफमध्येही नकली अंडरटेकरची भूमिका केली होती.

आमच्या घरी केबल नव्हती. ‘अभ्यासाचं वाटोळं होतं’ हे बाबांचं ठाम मत. त्यामुळे मे महिन्याची सुट्टी म्हणजे बडोदा आणि बडोदा म्हणजे मामाचा व्हीसीआर. मामा वर्षभर माझ्यासाठी कुस्त्या रेकॉर्ड करून ठेवायचा. स्वतः तो जुम्मादादा व्यायाममंदिरात मल्लखांब केलेला माणूस. पडद्यावरच्या त्या धिंगाण्याला तो हसायचा. ‘‘नुरा कुस्ती आहे रे ही. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं,’’ म्हणायचा. पण रिमोट हातात घेऊन शेवटपर्यंत बसायचा. जाहिरात लागली की ‘पॉज’, संपली की पुन्हा सुरू. फार वेळ थांबवून ठेवलं तर टेप झिजू नये म्हणून व्हीसीआर आपोआप बंद पडे, त्यामुळे मामाचं लक्ष घड्याळाकडेही असायचं.

एक चिकटपट्टी

1998 च्या मे महिन्यात रेसलमेनिया-14 केबलवर दाखवणार होते. 29 मार्चला बोस्टनमध्ये झालेला तो कार्यक्रम. अंडरटेकर विरुद्ध केन! हे दोघे म्हणे भाऊ. लहानपणी लागलेल्या आगीत केन होरपळला, म्हणून चेहऱ्यावर लाल मुखवटा. आणि आता तो सूड घ्यायला आलाय… रामायण-महाभारतावर पोसलेल्या पोराला आणखी काय हवं?

ऐन वेळी कोरी कॅसेट सापडेना. मामा गच्चीवर केबलची तार बघत होता. कपाटात एक देखणी कॅसेट होती, पण तिच्यावर रेकॉर्डिंग होत नव्हतं. व्हीएचएस कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकची एक छोटी टिकली असते. जपून ठेवायच्या कॅसेटची ती टिकली मोडून टाकायची, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही रेकॉर्ड होत नाही. लग्नाचा व्हिडिओवाला ती मोडूनच कॅसेट देई. पण त्या भोकावर चिकटपट्टी लावली की यंत्र फसतं, ही विद्या मला शाळेतल्या एका मित्राने दिलेली होती.

मी दहा वर्षांचा होतो. सोनेरी गणपती मला दिसला नाही, असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं सांगायचं तर तो दिसला होता. पण अंडरटेकर त्याहून मोठा दिसत होता.

तीन तासांची कॅसेट, पावणेतीन तासांचा कार्यक्रम. मामा खाली आला आणि नेहमीसारखा रिमोट घेऊन बसला. आत कुठली कॅसेट आहे, हे त्याला कळायचं काही कारणच नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीत माहेरची माणसं आली, म्हणून मामीने लग्नाची कॅसेट लावली. मंगलाष्टकांऐवजी घंटेचा टोल ऐकू आला! तिने पुढे पळवून पाहिली, पुढेही कुस्तीच. 1990 सालचं लग्न. मामीचे वडील 1993 मध्ये गेलेले. त्यांचं हलतं-बोलतं चित्र जगात फक्त त्या एका कॅसेटवर होतं.

आमच्याकडे बातमी फोनवरून आली. आई म्हणाली, ‘‘दादाने बघितलंच नाही म्हणे कुठली कॅसेट आहे ती. कबूल केलं त्याने.’’ मी भूगोलाचं पुस्तक उघडून बसलो होतो. पान उलटायचंही मला सुचलं नाही.

पुढच्या मे महिन्यात मामाने माझ्या हातात कोऱ्या कॅसेटचं पाकीट आणि एक स्केचपेन ठेवलं. ‘‘यापुढे नाव लिहूनच कॅसेट लावायची,’’ इतकंच म्हणाला. मला कळलं, याला सगळं ठाऊक आहे.

खोटी कुस्ती, खरं पडणं

मामा 2021 मध्ये गेला. मामीचं घर आवरायला गेलो, तेव्हा एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडून चालू व्हीसीआर भाड्याने मिळवला. नवा मिळणं आता शक्यच नाही. जपानच्या फुनाई कंपनीने 2016 च्या जुलैमध्ये शेवटचे व्हीसीआर बनवले आणि जगातलं ते उत्पादनच थांबलं.

तीन दिवस कुस्त्या बघत होतो. दहाव्या वर्षी दिसलं नव्हतं ते आता सगळं दिसतं. मिठी मारताना मल्ल एकमेकांच्या कानात काय बोलतात, पंच निरोप कसे पोचवतात, मुक्का हवेत थांबतो आणि आवाज पाय आपटल्याचा येतो… यात गुपित आता काही उरलेलं नाही. 1989 मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात खुद्द डब्ल्यूडब्ल्यूएफनेच ‘हा खेळ नव्हे, करमणूक आहे’ असं सांगून टाकलं होतं. सरकारी क्रीडा मंडळाच्या नियमांतून सुटका हवी होती ना!

पण म्हणून सगळंच खोटं, असंही नाही. त्याच कॅसेटवर शॉन मायकेल्स दिसतो. दोन-अडीच महिन्यांपूर्वी शवपेटीवर आपटून त्याची पाठ निकामी झाली होती. तशाच पाठीने तो स्टीव्ह ऑस्टिनशी लढला, हरला आणि त्यानंतर 2002 पर्यंत डब्ल्यूडब्ल्यूएफच्या आखाड्यात लढू शकला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये मिक फोली पिंजऱ्याच्या छतावरून खाली कोसळला. 1999 च्या मे महिन्यात ओवेन हार्टला दोरीने छतावरून खाली सोडताना बांधणी सुटली आणि तो सर्वांदेखत मरण पावला. निकाल ठरलेला असतो. हाडं मात्र ज्याची त्यालाच मोडून घ्यावी लागतात.

या धंद्यात ‘जॉब करणं’ असा एक शब्द आहे. दुसऱ्याला मोठं करण्यासाठी आपण मुद्दाम हरायचं. ज्याचं कामच हरणं, तो ‘जॉबर’. तो पाठ टेकतो, पंच तीनपर्यंत मोजतो आणि प्रेक्षकांच्या शिव्या खात तो निमूट निघून जातो. या कॅसेट बघताना मला सारखा मामाच आठवत होता.

मुंग्या… आणि मग सनई

शेवटची कॅसेट लावायला हात धजत नव्हता. मामी आतून म्हणाली, ‘‘लाव तीही. एकदा बघू दे, माझ्या लग्नात कोण नाचलं होतं ते!’’

केनला अंडरटेकरने एकदा डोक्यावर आपटलं, तो उठला. दुसऱ्यांदा आपटलं, तरी उठला. तिसऱ्यांदा मात्र संपला. मध्येमध्ये चित्र उडी मारत होतं. जाहिरातीची अर्धी ओळ, अर्धवट साबणाची वडी आणि लगेच पुन्हा आखाडा. मामाचा अंगठा एखाद-दोन सेकंद उशिरा पडला होता, त्याची ती खूण. टीव्हीवरून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये आपल्या खोलीतला आवाज येत नाही. मामाचं हसणं त्यात नाही, माझं ओरडणं नाही. आहेत ते फक्त हे उशिरा पडलेले अंगठे.

मायकेल्स हरला, कार्यक्रम संपला, पडद्यावर मुंग्या आल्या. मी बंद करायला उठलो आणि मुंग्यांतून एकदम सनई वाजली. पाठवणी!

बारा-तेरा मिनिटं उरली होती. कुस्ती संपल्यावर जो काही फीत-भाग शिल्लक राहिला, तो लग्नाचाच. आणि लग्नाच्या कॅसेटच्या शेवटी दुसरं काय असणार? हिरव्या शालूतली मामी, कडेला उभे तिचे वडील. टोपी सारखी करतात, काही बोलतात, सनईत ते ऐकू येत नाही. मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवतात आणि कॅमेऱ्याकडे पाठ करतात.

मामीने तीनदा मागे घेऊन पाहिलं. मग मी सांगितलं. चिकटपट्टी कुणी लावली ते.

वाचकहो, कथेत अशा वेळी मामी हसून पाठीवर हात फिरवते. तसं झालं नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘लग्नाच्या दरेक वाढदिवसाला मी ह्यांना टोचून बोलत आले. तेवीस वर्षं. हे असताना सांगायचं होतंस.’’ आणि उठून आत गेली.

रात्री जेवण वाढताना तिने मला आग्रह केला नाही. सकाळी मात्र चहा पुढे ठेवून म्हणाली, ‘‘त्या कॅसेटची काय ती नक्कल करून दे. कुस्तीसकट. ह्यांनी जाहिराती कापल्यात ना तिच्यात, त्यातलं काही काढू नकोस.’’

तुमच्याही कपाटात असतील तर…

अशा कॅसेट अजून घरोघरी आहेत. त्या वाचवायच्या असतील, तर एवढं करा. खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसली, तर कॅसेट यंत्रात मुळीच घालू नका. फीत तुटते आणि बुरशी दुसऱ्या कॅसेटलाही लागते. ती जाणकाराकडूनच साफ करून घ्या. बऱ्याच वर्षांनी लावताना आधी पूर्ण पुढे नि मग मागे गुंडाळून घ्या. कॅसेट उभ्या ठेवा, कोरड्या जागी, स्पीकरपासून दूर. कडेची टिकली मोडलेली नसेल तर आधी ती मोडा. व्हीसीआरच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या तारा एका छोट्या यंत्रातून संगणकाला जोडल्या की चित्र उतरवता येतं. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, घाई चालत नाही. आणि नक्कल एक नको, दोन करा, वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.

शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. लेबलवर ‘कुस्ती’ लिहिलंय म्हणून कॅसेट फेकू नका. मुंग्या आल्या तरी लगेच बंद करू नका. थोडं थांबा. आणि कॅसेटवर कुणाचं नाव सांगायचं राहून गेलं असेल, तर तो माणूस असेतोवर सांगून टाका.