खाणीजवळच्या गावात पाणी आटतं, तेव्हा तब्येतीवर काय परिणाम होतो?

चंद्रपूर आणि गडचिरोलीत खाणीच्या किंवा कारखान्याच्या शेजारी राहणारी कुटुंबं डॉक्टरांना एक प्रश्न हमखास विचारतात: गुडघेदुखी, पोरांचे पिवळे दात, सारखी लागणारी हगवण हे सगळं पाण्यामुळे तर नाही ना? याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. काही त्रास पाण्याचा असतो, काही नसतो. आणि पाण्याचा असला तरी तो पाण्यातल्या नेमक्या कशाचा, हे बाटलीत आणलेलं पाणी नुसतं बघून कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही.

लोकांची शंका मात्र बिनबुडाची नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची पाहणी केली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह अतिप्रदूषित भागांच्या यादीत चौथं होतं. गडचिरोलीत सूरजागडच्या लोहखाणीला एटापल्ली भागातल्या आदिवासी गावांचा विरोध आहे. त्यात जंगल आणि देवस्थानाइतकाच नाल्या-ओढ्यांचाही प्रश्न आहे.

पाणी कमी होणं हाही आरोग्याचा प्रश्न

प्रदूषण म्हटलं की आपण सांडपाण्याचा विचार करतो. पाणी आटण्याकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून क्वचितच पाहिलं जातं, आणि माझ्या मते मोठी चूक तिथेच होते.

कोळशाची उघडी खाण भूजलाच्या पातळीखाली जाते, तेव्हा खड्ड्यात झिरपणारं पाणी सतत पंपाने उपसावं लागतं. त्यामुळे आसपासच्या विहिरींची पातळी उतरते. मोठ्या उद्योगांना पाणीही भरपूर लागतं. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरणातलं पाणी घटल्यामुळे चंद्रपूर वीज केंद्राचे संच बंद ठेवावे लागले होते. चंद्रपूर शहरही त्याच धरणाचं पाणी पितं.

विहीर आटली की गाव बोअर मारतं, आणि तोही आटला की आणखी खोल जातं. कठीण खडकातल्या खोल पाण्यात अनेक ठिकाणी फ्लोराइड जास्त असतं. हे फ्लोराइड खडकातून येतं, कारखान्याने ते टाकलेलं नसतं. म्हणून गावकरी म्हणतात “कंपनीने विष दिलं” आणि समोरून उत्तर येतं “हे तर नैसर्गिक आहे”. दुसरं वाक्य खरं असलं तरी अपुरं आहे. वरचं पाणी संपल्यावर गावाला त्या खोल पाण्यापर्यंत कोणी नेलं, हा प्रश्न उरतोच.

फ्लोराइडचा त्रास कसा ओळखायचा?

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. स्वच्छ, थंडगार, गोड लागणाऱ्या पाण्यातही ते असू शकतं.

पहिली खूण मुलांच्या दातांवर दिसते. साधारण आठ वर्षांपर्यंत कायमचे दात हिरडीत तयार होत असतात. त्या काळात पोटात गेलेलं फ्लोराइड दातावर आडवे पांढरे, पिवळे किंवा तपकिरी पट्टे सोडतं. दोन्ही बाजूंच्या दातांवर ते सारखे असतात आणि घासून जात नाहीत. आपल्याकडे मोठ्या माणसांत खर्र्याचे डागही असतात. ते वरून बसतात, दंतवैद्य ते बऱ्याच अंशी साफ करू शकतात. एका वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या दातांवर असे पट्टे दिसले, तर गावातल्या पाण्याची तपासणी लगेच करून घ्या.

हाडांवर परिणाम व्हायला वर्षं लागतात. मान, कंबर, गुडघे आखडतात. पाठ वाकवता येत नाही, उकिडवं बसता येत नाही. लहान मुलांचे पाय वाकडे होऊ शकतात. पण प्रत्येक गुडघेदुखी फ्लोराइडची नसते. वय, वजन, शेतातलं कष्टाचं काम, ड जीवनसत्त्वाची कमतरता यानेही सांधे दुखतात. एक्स-रे आणि लघवीतल्या फ्लोराइडच्या तपासणीने फरक कळायला मदत होते. किडनीच्या रुग्णांनी जास्त जपावं, कारण त्यांच्या शरीरातून फ्लोराइड नीट बाहेर पडत नाही.

झालेला बदल उलटवणारी गोळी नाही. पण पाणी वेळेत बदललं तर दुखणं कमी होऊ शकतं, आणि पुढच्या मुलांचे दात वाचतात. जेवणात दूध, नाचणी, हिरव्या भाज्या, आवळा, लिंबू असू द्या. पावसाळ्यात आपोआप उगवणारी तरोट्याची भाजी कॅल्शियमसाठी चांगली. कोरा चहा आणि काळं मीठ कमी करा, दोन्हींत फ्लोराइड असतं.

उकळलं म्हणजे झालं का?

नाही. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण किंचित वाढतं. साध्या कँडल फिल्टरनेही ते निघत नाही. उथळ विहिरीत बहुधा फ्लोराइड कमी आणि जंतू जास्त असतात. म्हणून विहिरीचं किंवा छतावरून साठवलेलं पावसाचं पाणी उकळून पिणं हा बऱ्याच गावांत जवळचा पर्याय ठरतो. पूर्व विदर्भातले मामा तलाव आणि बोड्या गाळ काढून जिवंत ठेवल्या तर आसपासच्या विहिरींनाही आधार मिळतो. लाल रंग मारलेल्या हातपंपाचं पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी वापरू नका. भांडी-कपड्यांना चालेल.

खाणीतून पावसाळ्यात येणाऱ्या लाल गढूळ पाण्याचं वेगळं आहे. लोह स्वतः फारसं विषारी नाही, पण गाळामुळे ब्लीचिंग पावडरचा परिणाम कमी होतो आणि जंतू टिकून राहतात. आधी तुरटीने गाळ बसवा, वरचं पाणी फडक्यातून गाळा, मग क्लोरीन टाका किंवा उकळा.

तपासणीचा कागद का महत्त्वाचा?

केरळमधल्या प्लाचिमडा गावात २००० साली कोका-कोलाचा कारखाना सुरू झाला. विहिरी उतरल्या, उरलेलं पाणी जड झालं, आणि एप्रिल २००२ मध्ये आदिवासी बायका-माणसं धरण्याला बसली. खत म्हणून वाटलेल्या कारखान्याच्या गाळात शिसं आणि कॅडमियम असल्याचं तपासणीत निघालं, तेव्हा बाहेरच्यांनी गावाचं म्हणणं ऐकलं. मार्च २००४ मध्ये उत्पादन थांबलं. २०१० मध्ये राज्य सरकारच्या समितीने नुकसान २१६ कोटी रुपयांहून जास्त मोजलं.

आपल्याकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासलं जातं. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक नमुना पाठवतात. फ्लोराइड, नायट्रेट, सल्फेट, लोह, जड धातू आणि जंतू यांची नावं घेऊन तपासणी मागा. नुसतं “पिण्यायोग्य” एवढा शेरा पुरेसा नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर अशी दोनदा तपासणी करा, विहिरीची पातळीही दोरीने मोजून वहीत लिहा. कारखाना यायचा असेल तर तो येण्याआधीची तपासणी सर्वांत मोलाची, कारण नंतर तुलनेला दुसरं काही नसतं. हा कागद महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जनसुनावणीत मांडता येतो. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ नुसार ग्रामसभेला आपल्या हद्दीतले जलस्रोत राखण्याचा अधिकार आहे. मेंढा-लेखासारख्या गावांना २००९ पासून सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. दवाखान्यातली चिठ्ठी, एक्स-रे आणि शाळेत झालेल्या दातांच्या तपासणीची नोंद त्या फाइलला जोडा.

लगेच दवाखाना कधी?

हगवणीसोबत लघवी कमी होणं, डोळे खोल जाणं किंवा मूल सुस्त पडणं. हातापायात बधिरपणा किंवा चालताना पाय लुळे पडणं. बाटलीच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळाचे ओठ निळे दिसणं. यातलं काहीही असेल तर पाण्याच्या अहवालाची वाट बघू नका. वाटेत जीवनरक्षक घोल थोडा-थोडा पाजत जवळच्या आरोग्य केंद्रात न्या. सुस्त बाळाला जबरदस्तीने पाजू नका. कोणत्या स्रोताचं पाणी पिता, तेही डॉक्टरांना सांगा.