फॉर्मॅटर तुमची शैली मारत नाही

शिनोलीत घरून काम करतो. रेंज असली की हिंजवडीतल्या टीमबरोबर मीटिंग, आणि महिन्यातून एकदा तरी हे वाक्य कानावर येतंच: ‘ऑटो-फॉर्मॅटर नको, त्यानं माझी कोडिंगची शैली मरते.’

कसली शैली? दोन स्पेस की चार, कंस त्याच ओळीत की खालच्या, कोट एकेरी की दुहेरी? ही सवय झाली. शैली दिसते ती व्हेरिएबलला नाव देण्यात, फंक्शन कुठे तोडायचं हे ठरवण्यात. तिथे फॉर्मॅटर हात लावत नाही. ‘ल’ आणि ‘श’ कसे काढायचे, हे शासनानं २००९च्या निर्णयात ठरवून दिलं. म्हणून काय सगळे मराठी लेखक सारखं लिहू लागले?

परवाचंच सांगतो. एका सहकाऱ्याच्या एडिटरनं सेव्ह करताना अख्खी फाइल त्याच्या सेटिंगप्रमाणे मांडली. चारशेवर ओळी लाल-हिरव्या. रिव्ह्यूत अकरा कॉमेंट, अकराही स्पेसवर. खरा बदल एकच होता: ‘पेक्षा मोठे’च्या जागी ‘मोठे किंवा समान’. चूक तिथेच होती आणि ती कुणालाच दिसली नाही. ‘बघा, फॉर्मॅटरचाच घोळ!’ अहो, घोळ दहा जणांच्या दहा सेटिंगचा. सेटिंगची एकच फाइल रेपोमध्ये ठेवा, सीआयमध्ये तपासा, विषय संपला.

आमच्याकडे बांधावरून सख्ख्या भावांचं बोलणं बंद होतं. मोजणी झाली की निदान खुणा कुठे, ते तरी कळतं. गो भाषेनं सुरुवातीलाच मोजणी उरकली. तिच्यासोबत आलेल्या ‘गोएफएमटी’त इंडेंट टॅबचाच, आवडीनिवडीला जवळपास जागाच नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘फॉर्मॅटर कोड बिघडवतो.’ पायथनचा ‘ब्लॅक’ जुन्या-नव्या कोडचे सिंटॅक्स ट्री ताडून पाहतो. ते जुळले नाहीत तर फाइल बदलतच नाही.

‘मांडणी म्हणजे नुसता नट्टापट्टा.’ २०१४मध्ये ॲपलच्या सुरक्षा-कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा पडली होती. इंडेंटमुळे दुसरी ओळही ‘इफ’च्या आतली वाटली. फॉर्मॅटरनं ती बाहेर सरकवून उघडी पाडली असती.

‘गिट ब्लेममध्ये सगळीकडे फॉर्मॅट करणाऱ्याचंच नाव येतं.’ फॉर्मॅटिंगची तेवढी कमिट वगळायची सोय गिटमध्ये २०१९पासून आहे.

‘फॉर्मॅटर लावला की कोड चांगला.’ छे! ‘टेम्प१’, ‘टेम्प२’, ‘टेम्पफायनल’ शिस्तीत एकाखाली एक उभे राहतात, एवढंच.