फुप्फुसातील ॲस्बेस्टस तंतुमापन

फुप्फुसातील ॲस्बेस्टस तंतुमापन : श्वासावाटे फुप्फुस-ऊतकात (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहात) साचलेले ॲस्बेस्टसचे तंतू वेगळे काढून मोजण्याची क्रिया. ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग व परिफुप्फुसाचा (फुप्फुसावरील आवरणाचा) मेसोथेलिओमा यांचा संबंध रोग्याच्या पूर्वीच्या व्यवसायाशी जोडताना तिचा उपयोग होतो. हे विकार बहुधा काही दशकांनी प्रकट होतात. तोवर नोकरीच्या नोंदी अनेकदा नष्ट झालेल्या असतात. अशा वेळी नुकसानभरपाईचा निर्णय काही अंशी या आकड्यावर अवलंबून राहतो. म्हणूनच पद्धतीची ग्राह्यता आधी पडताळावी लागते.

शस्त्रक्रियेत वा शवपरीक्षेत मिळालेल्या ऊतकातील सेंद्रिय भाग सोडियम हायपोक्लोराइटासारख्या रसायनाने विरघळवितात किंवा ऑक्सिजनाच्या आयनद्रायूत (प्लाझ्मात) कमी तापमानास जाळतात. अवशेष गाळणपटलावर घेऊन तंतू मोजतात व संख्या शुष्क ऊतकाच्या दर ग्रॅममागे देतात. लोह व प्रथिन यांचे आवरण चढलेले सोनेरी-तपकिरी ‘ॲस्बेस्टस पिंड’ प्रकाशीय सूक्ष्मदर्शकातून दिसतात. परंतु बहुसंख्य तंतू अनावृत व अतिसूक्ष्म असल्याने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. तंतूचे खनिज क्ष-किरण विश्लेषणाने ओळखतात.

पडताळणीतील मुख्य अडचण अशी की, फुप्फुसातील खरी तंतुसंख्या अगोदर कोणासही माहीत नसते. त्यामुळे कसोट्या अप्रत्यक्ष असतात. ऊतकाविना सर्व क्रिया करून पाणी, रसायने व गाळणपटले यांतून येणारे तंतू मोजतात. ज्ञात प्रमाणात मिसळलेले तंतू कितपत परत मिळतात ते पाहतात. तंतू सर्वत्र सारखे पसरलेले नसल्याने एकाच फुप्फुसाचे अनेक भाग तपासावे लागतात. श्राव्यातीत कंपनांनी क्रिसोटाइलाच्या जुड्या फुटून एकाचे अनेक तंतू होतात. हा दोष तर परीक्षकच निर्माण करतो. शिवाय केवळ ४ तंतू आढळल्यास खरे मूल्य सु. १ ते १० यांमध्ये कोठेही असू शकते. १०० मोजल्यास अनिश्चितता सु. २० टक्के राहते.

१९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत तेच नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळांच्या आकड्यांत मोठी तफावत आढळली. म्हणून प्रत्येक प्रयोगशाळेने व्यवसायाने धूळसंपर्क न झालेल्या व्यक्तींच्या फुप्फुसांवरून स्वतःची संदर्भमूल्ये ठरवावीत, असा दंडक पडला. १९९७ च्या हेल्सिंकी निकषांनुसार ५ मायक्रोमीटरपेक्षा लांब ॲम्फिबोल तंतू (उदा., क्रॉसिडोलाइट, अमोसाइट) दर ग्रॅम शुष्क ऊतकात १ लाखाहून अधिक असल्यास व्यावसायिक संपर्क बहुतांशी संभाव्य ठरतो.

क्रिसोटाइलास मात्र हा निकष लागू पडत नाही. ते फुप्फुसातून तुलनेने लवकर नाहीसे होते. त्यामुळे अल्प संख्या हा संपर्क नसल्याचा पुरावा नव्हे. भारतातील सिमेंट-पत्र्यांच्या उद्योगात प्रामुख्याने आयात केलेले क्रिसोटाइलच वापरले जात असल्याने येथील कामगाराच्या बाबतीत तंतुसंख्येपेक्षा त्याच्या कामाचा इतिहास अधिक विश्वसनीय मानावा लागतो.