कोजागरीला डोक्यावर काय चमकलं?

२०२२ ची कोजागरी आठवतेय? रविवार होता, ९ ऑक्टोबर. संध्याकाळी पावणेसात वाजून गेले होते. पूर्वेला चंद्र नुकताच वर आलेला, घरोघरी मसाला दुधाची तयारी चाललेली. नेमक्या तेव्हाच मुंबईच्या जवळजवळ डोक्यावर, शर तारकासमूहाच्या दिशेला, एक गॅमा किरण स्फोट चमकला. माणसाने आजवर नोंदवलेला सर्वांत तेजस्वी! आणि आपल्यापैकी कुणालाही तो दिसला नाही.

दिसणार कसा? गॅमा किरण डोळ्यांना कळतच नाहीत. शिवाय हवेचं जाडजूड पांघरूण त्यांना वरच्या वर अडवतं. बरंच आहे म्हणा, कारण ते सजीवांना घातक असतात. म्हणून त्यांना पाहायचं तर दुर्बीण थेट अवकाशात न्यावी लागते. कोजागरीला लक्ष्मी विचारते ना, 'कोण जागं आहे?' त्या संध्याकाळी नासाची फर्मी दुर्बीण जागी होती. तिच्यावर किरणांची अशी झोड उठली की मोजणारी यंत्रं मोजता मोजता थकली!

दुसरी दुर्बीण स्विफ्ट. स्विफ्ट म्हणजे पाकोळी, उडता उडता किडे टिपणारा चपळ पक्षी. स्फोटाची चाहूल लागली की ही दुर्बीणही मिनिटा-दीड मिनिटात तिकडे वळते. पण वळायचं कुठे? गॅमा किरण साध्या भिंगाने किंवा आरशाने एकत्र आणता येत नाहीत. मग काय केलंय, तर शिशाच्या सुमारे ५२ हजार चिमुकल्या फरशांची जाळी बसवलीय, मध्ये मध्ये मुद्दाम रिकाम्या जागा सोडून. खिडकीच्या जाळीची सावली जमिनीवर पडते, सूर्य सरकला की तीही सरकते, हो ना? तसंच इथे. सावली कुठे पडली यावरून किरण कुठून आले ते कळतं. सावलीवरून प्रकाशाचा पत्ता! मला ही युक्ती फार आवडते. ॲस्ट्रोसॅट या आपल्या भारतीय अवकाश दुर्बिणीवरही असंच एक जाळीचं उपकरण आहे आणि त्याने टिपलेली माहिती पुण्यात, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत तपासली जाते.

त्या दिवशी मात्र स्विफ्टच्या आड पृथ्वीच आली होती. जवळजवळ तासाभराने तिला स्फोटामागे उरलेली धग दिसली. तीसुद्धा इतकी प्रखर, की हे आपल्याच आकाशगंगेतलं काहीतरी असावं असं शास्त्रज्ञांना आधी वाटलं. पुढे चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने तो प्रकाश तपासला, तेव्हा कळलं की तो निघाला होता सुमारे १९० कोटी वर्षांपूर्वी!

एक अवाढव्य तारा आतल्या आत कोसळला, त्याचं कृष्णविवर झालं, आणि उसळलेल्या झोताचा रोख नेमका आपल्याकडे होता. झोत निघाला तेव्हा पृथ्वीवर ना झाडं होती ना मासे, होते ते सूक्ष्मजीव.

या स्फोटाचं नाव त्याच्या तारखेवरूनच पडलं: जीआरबी २२१००९ए. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस.

आणि हो, तो अगदीच गुपचूप गेला नाही. वातावरणाच्या वरच्या भागात आयनांबर नावाचा विद्युतभारित थर असतो. तो या किरणांनी ढवळून निघाला. भारतात विजा टिपणारी यंत्रं आहेत, त्यांनाही ही खळबळ जाणवली. आपण गच्चीवर दूध पीत होतो, तेव्हा वर तो थर अजून शांत व्हायचा होता.