अ‍ॅब्लेशन करताना श्वासाची नस कशी जपतात?

कोराडीहून नागपूरला अ‍ॅब्लेशनसाठी जाणारे रुग्ण आधी कागद घेऊन माझ्याकडे येतात. संमतीपत्रातल्या 'फ्रेनिक नर्व्ह इंज्युरी' या शब्दांवर बोट ठेवून घरचे विचारतात, "डॉक्टर, नस तुटणार का?" आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही, म्हणून गोंधळ होतो. इथे प्रश्न मज्जातंतूचा आहे. तो सहसा तुटत नाही, गारठून बधिर होतो.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ठोके बिघडवणारे विद्युत संदेश बहुतेकदा फुप्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी तयार होतात. क्रायोबलून पद्धतीत जांघेतून नळी नेऊन तिथे फुगा फुगवतात आणि तो उणे ४० ते ५५ अंशांपर्यंत थंड करतात. उजव्या बाजूच्या शिरांना लागूनच फ्रेनिक मज्जातंतू मानेतून खाली श्वासपटलाकडे जातो. गारवा तिथवर पोहोचला, तर श्वासपटलाची उजवी बाजू हलेनाशी होते.

हे टाळण्याचा उपाय मला फार आवडतो, कारण त्यात हाताला अजून महत्त्व आहे. उजवीकडे गोठवताना दुसऱ्या एका नळीने या मज्जातंतूला वरच्या भागात हलके विद्युत झटके देतात. प्रत्येक झटक्याला उचकीसारखे पोट उडते. टीममधील एक जण बरगड्यांखाली हात ठेवून ते मोजत असतो. उडी मंदावली की गोठवणे तत्काळ थांबवतात. बऱ्याच ठिकाणी श्वासपटलाच्या स्नायूचा विद्युत आलेखही पाहतात. त्याची उंची ३० टक्क्यांनी घटली की तो इशारा, आणि तो हाताच्याही आधी मिळतो. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा असर असेल तर ही उडी दिसणारच नाही, म्हणून भूलतज्ज्ञ त्या वेळी ते टाळतात. फुगाही शिरेत खोल न ढकलता तोंडाशीच ठेवतात. नव्या पल्स्ड फील्ड पद्धतीत हा धोका कमी आहे, शून्य नाही.

दमा, सीओपीडी, छातीचे जुने ऑपरेशन असेल तर आधीच सांगा. जुना एक्स-रे सोबत न्या. श्वासपटल आधीपासूनच वर उचललेले आहे का, ते त्यात दिसते.

घरी आल्यावर जिना चढताना किंवा आडवे झाल्यावर दम लागला, कोरडा खोकला, उचक्या थांबेनात, तर "वयामुळे असेल" म्हणू नका, तपासून घ्या. काहींना त्रास जाणवतही नाही. बहुतेकांचा मज्जातंतू काही तासांत ते काही महिन्यांत पूर्ववत होतो. क्वचित वर्ष लागते. मात्र अचानक जोराचा दम, छातीत दुखणे किंवा चक्कर आली तर नसेला दोष देत बसू नका. हृदयाभोवती रक्त साचलेले असू शकते, लगेच इस्पितळ गाठा.