अर्ध्या वाटेवरचा चार्जर

शिर्डीहून अहिल्यानगर, करमाळा, टेंभुर्णी या मार्गाने पंढरपूरला जाणाऱ्या भाविकाला सुमारे पावणेतीनशे किलोमीटर अंतर कापावे लागते आणि कर्जत तालुक्यातील मिरजगाव हे या वाटेच्या जवळपास मध्यावर येते. पेट्रोलच्या गाडीला या मध्याचे फारसे महत्त्व नसते. विजेवर चालणाऱ्या मोटारीचा सारा बेत मात्र त्यावरच ठरतो.

याचे कारण गाडीच्या पल्ल्यात आहे. जानेवारी 2020 मध्ये बाजारात आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरी 30.2 युनिटांची होती (घरच्या मीटरवर मोजले जाते तेच हे युनिट) आणि तिचा प्रमाणित पल्ला 312 किलोमीटर होता. परंतु प्रमाणपत्रासाठीची चाचणी ठरावीक, संथ गतीने होत असल्यामुळे महामार्गावर प्रत्यक्षात दोनशेच्या आसपासच किलोमीटर हाती लागत. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी शंभरऐवजी ऐंशीच्या वेगाने चालवलेली गाडी लक्षणीय जास्त अंतर जाते. 45 युनिटांची बॅटरी असलेली आजची मोटार युनिटमागे साडेसहा किलोमीटर धरली तरी पूर्ण चार्जवर तीनशेच्या आत राहते. म्हणजे पंढरपूर गाठता येईल, पण कडक उन्हाळ्यात एसी लावून आणि शेवटच्या टप्प्यात जीव मुठीत धरून. वाटेत एकदा चार्जिंग करणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

बॅटरीत वीज दिष्ट प्रवाहाच्या, म्हणजे डीसीच्या, रूपात साठते, तर घरी येणारी वीज प्रत्यावर्ती, म्हणजे एसी असते. घरी चार्जिंग करताना हे रूपांतर गाडीतील लहान यंत्र करते आणि त्याची क्षमता बेताची असल्याने रात्रभर वेळ लागतो. सार्वजनिक फास्ट चार्जरमध्ये तेच काम बाहेरच्या कपाटाएवढ्या यंत्रात होते आणि डीसी वीज थेट बॅटरीत जाते. भारतातील बहुतेक मोटारींना त्यासाठी सीसीएस-2 नावाची गन लागते. तिच्या वरच्या गोल भागाखाली दोन जाड पिना असतात. गन बसवून अॅपवरून किंवा कार्डाने चार्जिंग सुरू केले की गाडी आणि चार्जर यांच्यात आधी संदेशांची देवाणघेवाण होते, खटका पडून गन कुलूपबंद होते आणि मगच पडद्यावरचे आकडे हलू लागतात. हा संवाद जुळला नाही तर गन काढून पुन्हा नीट बसवावी. चार्जर मुळीच दाद देत नसेल तर त्यावरचे लाल आणीबाणीचे बटण कोणी दाबून ठेवलेले नाही ना, हे पाहावे, कारण ते फिरवून मोकळे केल्याखेरीज बहुतेक यंत्रे सुरू होत नाहीत.

चार्जरवर 60 किलोवॅट लिहिलेले असले तरी किती वीज घ्यायची हे गाडी ठरवते. बॅटरी रिकामी असताना ती झपाट्याने घेते, ऐंशी टक्क्यांनंतर मात्र पेशींना इजा होऊ नये म्हणून वेग बराच उतरतो. वीस ते ऐंशी टक्के, म्हणजे 45 युनिटांच्या बॅटरीत 27 युनिटे, भरायला साधारण पाऊण तास लागतो आणि त्यावर पुढचे पावणेदोनशे किलोमीटर निघतात. उरलेल्या वीस टक्क्यांसाठी गन अडवून ठेवणे हे स्वतःचा वेळ घालवणे आहे आणि मागे उभ्या असलेल्यावर अन्यायही आहे.

केंद्र सरकारने डिसेंबर 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर 25 किलोमीटरवर चार्जिंग स्टेशन असावे असे म्हटले होते, आणि त्याच वर्षी असे स्टेशन चालवण्यास वीज परवाना लागत नाही असा खुलासाही केला होता. तरीही ग्रामीण भागात खरी अडचण विजेच्या जोडणीची असते. 60 किलोवॅटचा एक चार्जर पूर्ण क्षमतेने चालला तर त्याचा भार पाच अश्वशक्तीच्या सोळा कृषिपंपांएवढा होतो; अवर्षणप्रवण कर्जत तालुक्यात शेतकऱ्याला पंपासाठी विजेची वाट पाहावी लागते, तेथे हा भार गावच्या डीपीवर टाकणे गैर ठरेल. त्यासाठी स्वतंत्र रोहित्र हवे, आणि त्याचा खर्च दिवसाकाठी येणाऱ्या मोजक्या गाड्यांतून भरून निघत नाही. म्हणूनच धंदा असेल तेथे चार्जर दाटीने उभे राहतात आणि मधल्या गावांचा विचार उशिरा होतो. मधल्या गावांतील स्टेशनांना सरकारी आधार द्यायचा असेल तर तो केवळ उभारणीपुरता न देता चार्जर किती काळ प्रत्यक्ष चालू राहिला यावर दिला पाहिजे, आणि एका जागी किमान दोन गन असल्याच पाहिजेत, कारण एकुलती एक गन बंद पडली की त्या गावात स्टेशन असून नसल्यासारखेच होते.

तोवर या वाटेने निघणाऱ्याने अॅपवर त्या दिवशी कोणती गन चालू आहे हे पाहावे, शक्य असल्यास स्टेशनवर फोन करून खात्री करावी, आणि मिरजगावच्या परिसरात पोहोचताना करमाळा किंवा परत अहिल्यानगर गाठण्याइतका चार्ज शिल्लक राहील असाच वेग ठेवावा.