वाहते रक्त, गोठते रक्त

मालवणच्या किनाऱ्यापासून थोडे आत गेले की जांभ्या दगडाचे उघडे सडे लागतात. पावसाळ्यात या सड्यांवर गुडघ्याइतके गवत वाढते आणि दिवाळीच्या सुमारास ते कापण्यासाठी माणसे कोयत्या घेऊन बाहेर पडतात. या कामात कोयतीचे पाते बोटाला लागणे ही नित्याची गोष्ट आहे. रक्ताचे चार थेंब गळतात, कापणारा बोट घट्ट दाबून धरतो आणि पाच-सात मिनिटांत रक्त थांबते. मग तो पुन्हा कामाला लागतो. त्या पाच-सात मिनिटांत आपल्या बोटाच्या टोकाशी केवढे काम पार पडले, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

परंतु त्याच गवतात, त्याच दगडांखाली एक लहानसा साप राहतो. त्याचे नाव फुरसे. फुरशाच्या दंशाची जखम कोयतीच्या जखमेहून पुष्कळच लहान असते. टाचणी टोचावी तशा दोन खुणा दिसतात. कधी कधी त्याही नीट दिसत नाहीत. तरीसुद्धा काही तासांनी त्या माणसाचे रक्त थांबेनासे होते. मोठ्या जखमेतील रक्त थांबते आणि एवढ्याशा जखमेतील थांबत नाही, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर मिळवायचे, तर प्रथम रक्त म्हणजे काय ते पाहिले पाहिजे.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. हृदय मिनिटाला सुमारे ७० वेळा आकुंचन पावते आणि प्रत्येक आकुंचनाबरोबर ते रक्त पुढे लोटते. माणूस स्वस्थ बसलेला असतानाही साधारणतः एका मिनिटात रक्ताची शरीरभर एक फेरी होते. हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणाऱ्या नळ्यांना रोहिण्या म्हणतात आणि ते परत आणणाऱ्या नळ्यांना शिरा म्हणतात. या दोहोंना जोडणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या म्हणजे केशवाहिन्या होत. नावाप्रमाणे त्या केसासारख्या आहेत असे वाटते. पण खरे पाहता त्या केसाहूनही कितीतरी बारीक असतात. गडग्यांमधल्या अरुंद पाणंदीतून गुरे एकामागून एक जावीत, तशा रक्तातील पेशी केशवाहिनीतून एकामागून एक पुढे सरकतात.

पेशी म्हणजे सजीवाच्या शरीराचा सर्वांत लहान जिवंत घटक. कोकणात जांभ्याचे चिरे एकावर एक रचून घराची भिंत उभारतात. त्याचप्रमाणे कातडी, स्नायू, हाडे हे सारे पेशींचे बनलेले असते. रक्तही पेशींचेच बनलेले आहे. पण तेथे हे चिरे एकमेकांना जोडलेले नसतात. ते एका द्रवात सुटे तरंगत असतात. रक्त गोठणार नाही अशी तजवीज करून ते काचेच्या नळीत स्थिर ठेवले, तर हे सहज दिसून येते. जड पेशी तळाशी बसतात आणि वर फिकट पिवळसर द्रव उरतो. या द्रवाला रक्तद्रव म्हणतात. रक्ताचा निम्म्याहून थोडा अधिक भाग, म्हणजे शेकडा ५५ च्या आसपास, रक्तद्रवाचा असतो. त्यात मुख्यतः पाणी असते आणि त्या पाण्यात क्षार, साखर व अनेक प्रकारची प्रथिने विरघळलेली असतात.

तळाशी बसलेल्या थरात बहुतेक सर्व तांबड्या पेशी असतात. एका घन मिलिमीटर रक्तात, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, त्यांची संख्या सुमारे ५० लाख भरते. त्या चपट्या, वाटोळ्या आणि दोन्ही बाजूंनी मध्यभागी किंचित खोलगट असतात. त्यांच्यातील हिमोग्लोबिन या लोहयुक्त पदार्थामुळे रक्ताला तांबडा रंग येतो. फुप्फुसांत प्राणवायू भरून घ्यावयाचा आणि तो शरीराच्या कानाकोपऱ्यांत पोचवावयाचा, हे त्यांचे काम. मालवणच्या बाजारात येणाऱ्या बांगड्याच्या तांबड्या पेशीत केंद्रक असते. पण माणसाची तांबडी पेशी पक्व होताना आपले केंद्रक टाकून देते आणि ती सारी जागा हिमोग्लोबिनसाठी मोकळी करते. अशी पेशी सुमारे १२० दिवस काम करून नाहीशी होते. तिची जागा घेणाऱ्या नव्या पेशी हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत अहोरात्र तयार होत असतात.

दुसऱ्या पांढऱ्या पेशी. एका घन मिलिमीटर रक्तात त्या ४ ते ११ हजार असतात. शरीरात शिरलेल्या रोगजंतूंशी झुंजणे हे त्यांचे काम आहे. तिसरा घटक म्हणजे रक्तपट्टिका. या पुऱ्या पेशी नव्हेत. अस्थिमज्जेतील काही प्रचंड पेशींचे तुकडे होऊन त्या बनतात. तेवढ्याच रक्तात त्या दीड ते चार लाख असतात आणि आठ-दहा दिवसच टिकतात. आकाराने त्या सर्वांत लहान. परंतु कोयतीने बोट कापले की पहिली धाव त्यांचीच असते.

रक्तवाहिनी तुटताच प्रथम तिची भिंत आकसते आणि रक्ताची वाट अरुंद होते. लगेच रक्तपट्टिका तुटलेल्या जागी येऊन चिकटतात व एकमेकींनाही धरून ठेवतात. त्यामुळे भोकावर एक कच्चे बूच बसते. पण ते बूच वाहत्या रक्ताच्या धक्क्याने निसटू शकते. ते पक्के करण्याचे काम रक्तद्रवातील प्रथिने करतात. त्यांपैकी प्रोथ्रॉम्बिन नावाचे एक प्रथिन एरवी निद्रिस्त असते. जखम होताच एकामागून एक अशी अनेक प्रथिने जागी होतात आणि शेवटी प्रोथ्रॉम्बिनही जागे होऊन त्याचे थ्रॉम्बिन बनते. फायब्रिनोजेन नावाचे दुसरे प्रथिन तोवर रक्तद्रवात विरघळलेले असते. थ्रॉम्बिनचा स्पर्श होताच त्याचे फायब्रिनच्या लांब, चिवट तंतूंत रूपांतर होते. हे तंतू एकमेकांत गुंततात आणि त्यांचे जाळे तयार होते.

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना ज्याने पाहिली असेल, त्याला हे जाळे डोळ्यांपुढे आणणे कठीण जाणार नाही. रापणीच्या सुतात मासे अडकावेत, तशा फायब्रिनच्या तंतूंत तांबड्या पेशी अडकतात. पाहता पाहता त्यांची घट्ट गुठळी बनते आणि रक्त थांबते. पुढे जखम भरून आली की शरीर स्वतःच हे तंतू विरघळवून टाकते. म्हणजे रक्ताच्या अंगी दोन गुण असावे लागतात. वाहिनीत असताना ते वाहिले पाहिजे आणि वाहिनी तुटली असता त्या एका जागी ते गोठले पाहिजे. यांपैकी कोणताही एक गुण गेला, तर जिवाला धोका उत्पन्न होतो.

फुरशाचे विष नेमका येथेच घाला घालते.

फुरसे हा साधारणतः फूट-दीड फूट लांबीचा, तपकिरी रंगाचा साप आहे. त्याच्या डोक्यावर बाणासारखी फिकट खूण असते. डिवचले असता तो अंगाची वेटोळी करून आपले करवतीसारखे खवले एकमेकांवर घासतो आणि त्यातून खरखर असा आवाज निघतो. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांच्या सड्यांवर तो पूर्वीपासून विपुल आहे. १९८१ साली सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. एकोणिसाव्या शतकात त्या जिल्ह्यात फुरसे मारून आणणाऱ्यास सरकार बक्षीस देई. लाखांच्या संख्येने फुरशी मारली गेली. पण ती काही संपली नाहीत. दगड तेच राहिले, गवत तेच राहिले आणि त्यांच्याखाली फुरशीही राहिली.

या सापाचे विष रक्तात मिसळले की ते प्रोथ्रॉम्बिनला थेट जागे करते. कोठेही वाहिनी तुटलेली नसताना शरीरभर फायब्रिनचे बारीक बारीक तुकडे तयार होऊ लागतात. त्यांचा कोणालाच उपयोग नसतो. शरीर ते विरघळवून टाकते. पण असे होता होता रक्तातील फायब्रिनोजेनचा साठा संपुष्टात येतो. एखाद्या घरातील जाळे विणायचे सारे सूत कोणी खोडसाळपणे तोडून, गाठी मारून वाया घालवावे आणि ऐन वेळी रापण विणायला सूतच उरू नये, तसा हा प्रकार होय. रक्त गोठवणारे विष अखेरीस रक्ताची गोठण्याची शक्तीच हिरावून घेते. त्यातच विषातील दुसरे पदार्थ सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतीही झिजवतात. त्यामुळे दंशाच्या जागेतून रक्त झिरपत राहते. हिरड्यांतून, नाकातून किंवा लघवीवाटे रक्त जाऊ लागते. मेंदूत रक्तस्राव झाला, तर तो प्राणघातक ठरू शकतो.

या दंशाचा खरा कपटीपणा असा की, आरंभी रोगी बहुधा बोलत-चालत असतो. हात किंवा पाय सुजतो, दुखतो. परंतु रक्ताचे काय झाले आहे ते बाहेरून कळत नाही. ते ओळखण्यासाठी मोठ्या यंत्राची गरज नाही. डॉक्टर रोग्याच्या शिरेतील सुमारे २ मिलिलिटर रक्त काचेच्या नव्या, स्वच्छ व कोरड्या नळीत घेतात आणि ती नळी २० मिनिटे मुळीच न हलवता ठेवतात. त्यानंतर ती एकदाच कलती करून पाहतात. निरोगी रक्ताची तोवर गुठळी झालेली असते आणि ती जागची हलत नाही. विषाने बिघडलेले रक्त मात्र पाण्यासारखे ओघळते. नळी काचेचीच असावी लागते; कारण काचेच्या स्पर्शाने रक्त गोठण्याची क्रिया सुरू होते, प्लास्टिकच्या स्पर्शाने तशी होत नाही. फुरशाच्या जातीतील सापांच्या दंशासाठी या साध्या परीक्षेचा उपयोग डॉ. डेव्हिड वॉरेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी नायजेरियात केला आणि १९७७ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. आज ही परीक्षा लहानशा ग्रामीण रुग्णालयातही करता येते.

रक्त ओघळले, तर रोग्याला प्रतिविष देतात. हे औषधही रक्तातूनच मिळते. घोड्याला सर्पविषाची अगदी थोडी मात्रा टोचून ती हळूहळू वाढवीत नेतात. घोड्याच्या पांढऱ्या पेशींतील एक जात त्या विषाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे तयार करू लागते. मग घोड्याचे काही रक्त काढून त्याच्या रक्तद्रवातून ही प्रतिपिंडे वेगळी करतात. मुंबईत परळ येथे १८९९ साली प्लेगच्या संशोधनासाठी निघालेली प्रयोगशाळा पुढे हाफकिन संस्था म्हणून प्रसिद्धीस आली. सर्पविषावरील प्रतिविष तयार करणाऱ्या भारतातील जुन्या संस्थांत तिची गणना होते. भारतात तयार होणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषांवर चालते. म्हणून साप कोणता होता, हे ठाऊक नसले तरी उपचार अडत नाही. तो पकडण्याच्या किंवा मारण्याच्या नादात वेळ दवडणे धोक्याचे आहे.

प्रतिविष विषाला आवरते. पण संपलेले फायब्रिनोजेन ते भरून देत नाही. ते काम यकृताचे आहे. विष आवरले गेले की यकृत नवे फायब्रिनोजेन तयार करू लागते आणि साधारणतः सहा तासांत रक्ताला पुन्हा गोठण्याची शक्ती येते. म्हणून सहा तासांनी डॉक्टर नळीची परीक्षा पुन्हा करतात. अजूनही रक्त ओघळत असेल, तर प्रतिविषाची आणखी मात्रा देतात.

या सर्वांवरून सर्पदंश झाल्यावर काय करावे व काय करू नये, हे आपोआप स्पष्ट होते. ज्याचे रक्त गोठत नाही, त्याच्या दंशाच्या जागी चिरा पाडणे म्हणजे थांबणार नाही असा रक्तस्राव मुद्दाम सुरू करणे होय. विष तोंडाने ओढून काढता येत नाही. दोरीने हात-पाय आवळून बांधल्याने त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो व अवयवाला इजा होते. मंत्राने किंवा झाडपाल्याने रक्तातले विष उतरत नाही. वेळ मात्र जातो. रोग्याला धीर द्यावा, चालू देऊ नये. सूज वाढण्यापूर्वी अंगठी, बांगडी, पायातले कडे काढावे. दंश झालेला हात किंवा पाय, मोडलेल्या हाडाला आधार देतात त्याप्रमाणे, काठीच्या आधाराने हलणार नाही असा ठेवावा आणि रोग्याला त्वरेने रुग्णालयात न्यावे. तो बरा दिसतो आहे एवढ्यावरून थांबू नये.

फुरशाच्या विषातून वेगळा काढलेला इकॅरिन नावाचा पदार्थ आज प्रयोगशाळांत रक्ताच्या परीक्षेसाठी वापरला जातो. ज्या विषाने रक्त बिघडते, त्याच विषाच्या अभ्यासाने रक्त अधिक चांगले समजू लागले आहे.

पुढल्या दिवाळीला सड्यावरचे गवत पुन्हा पिकते. जाणता शेतकरी पायात जाड बूट घालतो, हात घालण्यापूर्वी काठीने गवत हलवून पाहतो, दगड उचलताना तो आधी काठीने कलता करतो. संध्याकाळी परतताना हातात कंदील किंवा विजेरी घेतो. एखादे वेळी कोयती निसटते, बोटातून रक्ताचे चार थेंब येतात आणि पाच-सात मिनिटांत ते थांबतात. तेवढ्या वेळात त्या बोटाच्या टोकाशी रक्तपट्टिका धावून आलेल्या असतात, फायब्रिनचे जाळे विणून झालेले असते आणि बाकीचे रक्त आपल्या वाटेने निर्वेध वाहत असते.